इमारती पडल्या, उभ्या राहिल्या, पण कुटुंबांचं काय झालं?

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की मोठ्या शहरांच्या मधोमध असलेल्या गरीब वस्त्यांची आठवण दोन्ही पक्षांना होते. रिपब्लिकन म्हणतात, बघा, शिकागोत १९३१ पासून डेमोक्रॅट महापौर, फिलाडेल्फियात १९५२ पासून डेमोक्रॅट महापौर, मग तिथल्या गरिबीला जबाबदार कोण? डेमोक्रॅट म्हणतात की खरा पैसा वॉशिंग्टनमधून येतो आणि तो तुम्ही दर वेळी कापता. मी हा वाद बरीच वर्षं वाचतेय, ऐकतेय, आणि दोन्ही बाजूंमध्ये थोडंफार तथ्य आहे हे मला मान्य आहे, पण दोघंही एक साधा प्रश्न टाळतात असं माझं ठाम मत झालंय. तो प्रश्न म्हणजे, योजना आली, पैसे खर्च झाले, फीत कापली, मग त्या वस्तीत आधी राहणाऱ्या कुटुंबाचं पुढे काय झालं? किती इमारती पाडल्या, किती बांधल्या, किती गुंतवणूक आली याचे आकडे मिळतात. माणसं कुठे गेली याचा हिशोब फार कमी वेळा ठेवला गेला, आणि जिथे ठेवला तिथे जे दिसलं ते दोन्ही पक्षांना अडचणीचं आहे.

आधी ही गरिबी तिथे साठली कशी ते बघूया, कारण बरेच जण ती आपोआप आली असं समजून बोलतात. १९३० च्या दशकात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या, म्हणजे डेमोक्रॅट सरकारच्या काळात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले, काळ्या लोकांच्या वस्त्या त्यात बहुतेक ठिकाणी लाल, म्हणजे कर्जासाठी धोकादायक. १९३४ मध्ये सुरू झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशननं घरकर्जांना सरकारी हमी दिली, पण ती मुख्यतः उपनगरांतल्या गोऱ्या कुटुंबांना. मग १९४९ चा हाउसिंग ॲक्ट आला, त्यात झोपडपट्ट्या पाडायला केंद्राचा पैसा आणि सहा वर्षांत ८ लाख १० हजार सरकारी घरं बांधायचं आश्वासन होतं, आणि त्याच्या प्रमुख पुरस्कर्त्यांमध्ये रॉबर्ट टाफ्ट हे पक्के रूढिवादी रिपब्लिकन सिनेटर होते. (आजच्या पक्षात असं कुणी सापडणं अवघड.) पाडायचं काम वेगात झालं, बांधायचं मागे पडलं. पुढे १९५६ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हायवेच्या कायद्यावर सही केली, खर्चाचा ९० टक्के भार केंद्रानं उचलला, आणि शहरांनी ते रस्ते कुठून नेले? काळ्या लोकांच्या वस्त्यांतून: सेंट पॉलमध्ये राँडो वस्तीतून, मायामीत ओव्हरटाउनमधून, डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटमच्या पाडलेल्या जागेवरून. दुकानं, चर्च, घरं, सगळं गेलं. म्हणजे एका पक्षानं नकाशा रंगवला, दुसऱ्यानं रस्ता काढला, आणि स्थानिक नेत्यांनी जागा दाखवली. हे कुणा एका पक्षाचं पाप म्हणून मांडणारा माणूस दिसला की मला राग येतो, कारण तो अर्धा इतिहास गाळून बोलत असतो.

सरकारी घरांबद्दल बोलायचं तर सेंट लुईसमधल्या प्रुइट-आयगो या वसाहतीचं नाव सगळे घेतात. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९५४ पासून लोक राहायला आले आणि १९७२ मध्ये पाडायला सुरुवातसुद्धा झाली. त्या पाडकामाचे फोटो इतके गाजले की "सरकारनं घरं बांधली की हेच होतं" हा उजव्या बाजूचा कायमचा पुरावा झाला. पण आतला व्यवहार बघितला तर वेगळंच दिसतं. बांधायचा पैसा केंद्राचा, देखभालीचा पैसा मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा असा नियम. इकडे सेंट लुईसमधले नोकरदार लोक उपनगरांत चालले होते, १९५० ला साडेआठ लाखांवर असलेली लोकसंख्या आज तीन लाखांच्या आसपास आलीय, मागे राहिले ते सगळ्यात कमी कमाईचे, त्यांच्याकडून देखभालीपुरतं भाडं निघणार कुठून? लिफ्ट बंद, पाइप फुटलेले, तरी भाडं वाढतंच राहिलं, १९६९ मध्ये शेवटी सेंट लुईसच्या भाडेकरूंनी भाडं भरणंच बंद केलं. त्याच वर्षी एडवर्ड ब्रूक यांनी, जे मॅसॅच्युसेट्सचे काळे रिपब्लिकन सिनेटर होते, भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी दुरुस्ती आणली. (१९८१ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांच्या काळात ती मर्यादा ३० टक्के झाली, आजही तीच आहे.) भाडेकरूंना त्यानं खरा आधार मिळाला, पण भाडं कमी झाल्यावर देखभालीला जे पैसे कमी पडणार होते ते केंद्रानं पुरेसे आणि वेळेवर दिले नाहीत.

आता डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन. जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि मला त्यातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो तो म्हणजे कम्युनिटी ॲक्शन. पैसा महापौरांच्या हातून न जाता वस्तीतल्या संस्थांना द्यायचा आणि त्या चालवताना गरिबांचा शक्य तितका जास्त सहभाग हवा असं कायद्यातच लिहिलं होतं. यावर सगळ्यात जास्त कोण चिडलं असेल तर शिकागोच्या डेलींसारखे डेमोक्रॅट महापौर. कारण वस्तीतली माणसं त्याच पैशातून संघटित होऊन महापालिकेलाच जाब विचारायला लागली. तीन वर्षांत कायदा बदलून महापौरांना पुन्हा चावी दिली गेली, दुसरीकडे व्हिएतनामचा खर्च वाढत होता, आणि शहरांमधल्या वंशीय दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगानं १९६८ मध्ये देश काळ्या आणि गोऱ्या अशा दोन विषम समाजांत विभागला जातोय असं स्वच्छ लिहून दिलं तेव्हा ज्यांनी तो आयोग नेमला त्या जॉन्सन यांनीच त्याकडे पाठ फिरवली. हेड स्टार्ट मात्र टिकलं, लहान मुलांची ती शाळापूर्व योजना अजून चालू आहे, आणि गरिबीविरुद्धचं युद्ध हरलो असं म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी लक्षात ठेवावं.

रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांच्याबद्दल लोकांना वॉटरगेट आठवतं, पण त्यांच्या काळात दोन गोष्टी अशा घडल्या की त्या पार पडल्या असत्या तर आजचं चित्र कदाचित वेगळं असतं. पहिली म्हणजे फॅमिली असिस्टन्स प्लॅन. चार जणांच्या गरीब कुटुंबाला वर्षाला किमान १,६०० डॉलर केंद्राकडून थेट, आईवडील काम करत असले तरी. ही कल्पना पुढे रेटणारे डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन हे डेमोक्रॅट, निक्सन यांच्या व्हाइट हाउसमध्ये काम करत होते. १९७० मध्ये कनिष्ठ सभागृहात पास झालं, सिनेटमध्ये अडकलं. उजव्यांना ते फुकटचं वाटलं आणि गरिबांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना रक्कम फारच तुटपुंजी वाटली, दोन्हीकडून मार बसला आणि योजना गेली.

दुसरी गोष्ट जॉर्ज रॉमनी यांची, आणि ही मी थोडी सविस्तर सांगणार आहे कारण पुढचं सगळं इथेच येऊन अडकतं. रॉमनी हे मिशिगनचे माजी गव्हर्नर, रिपब्लिकन, निक्सन यांचे गृहनिर्माण मंत्री. १९६७ ची डेट्रॉइटची दंगल त्यांनी गव्हर्नर म्हणून बघितलेली. त्यांचं म्हणणं असं की शहराच्या मध्यात कितीही पैसा ओता, उपनगरांनी आपली दारं बंद ठेवली तर काही होणार नाही. मग त्यांनी ठरवलं की ज्या उपनगराला केंद्राचे पैसे हवेत, त्यानं स्वस्त घरांना जागा द्यायची. डेट्रॉइटला लागून वॉरन नावाचं उपनगर आहे, तिथल्या कारखान्यांत हजारो काळे कामगार रोज कामाला जायचे पण राहायला जवळपास कुणी नाही. तिथे हा नियम लावायला गेल्यावर इतका गदारोळ झाला की १९७० च्या नोव्हेंबरमध्ये वॉरनच्या मतदारांनी केंद्राचा नागरी सुधारणेचा पैसाच नाकारला. पैसा गेला तरी चालेल, पण शेजारी नको! पुढच्याच वर्षी निक्सन यांनी जाहीर केलं की उपनगरांवर आर्थिक मिसळण सरकार लादणार नाही, आणि रॉमनी एकटे पडले. जानेवारी १९७३ मध्ये तर सरकारी घरबांधणीच्या नव्या कामांना स्थगितीच आली. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं डेट्रॉइटच्या शाळांच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की मुलांना एकत्र शिकवण्यासाठी शहराची हद्द ओलांडून उपनगरांच्या शाळांना सक्ती करता येणार नाही. घर आणि शाळा दोन्हीकडे ती हद्द पक्की झाली.

त्यानंतर दोन्ही पक्षांनी हद्दीच्या आतच खेळायचं ठरवलं असं मला दिसतं. अध्यक्ष फोर्ड यांच्या सहीनं १९७४ मध्ये सेक्शन ८ ही भाड्याला मदत करणारी योजना आली, त्यातूनच पुढे भाड्याची व्हाउचर आली, म्हणजे खासगी घराच्या भाड्याचा काही भाग सरकारनं भरायचा. रेगन यांनी घरांच्या खर्चाला मोठी कात्री लावली. त्यांच्याच पक्षातले जॅक केम्प, आधी फुटबॉलपटू आणि १९८९ ते १९९३ गृहनिर्माण मंत्री, मनापासून म्हणत होते की गरीब भागात टॅक्स कमी करा, धंदे येतील, नोकऱ्या येतील. मला केम्प यांच्याबद्दल आदर आहे, ते अशा वस्त्यांमध्ये स्वतः जायचे आणि आपल्या पक्षाला ऐकायला नको ते सांगायचे. त्यांची एंटरप्राइझ झोनची कल्पना शेवटी अमलात आणली डेमोक्रॅट क्लिंटन यांनी, एम्पॉवरमेंट झोन या नावानं, अटलांटा, बाल्टिमोर, शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया-कॅम्डेन, प्रत्येकाला १० कोटी डॉलर आणि वर टॅक्स सवलती. नंतर २०१७ मध्ये गरीब भागांतल्या गुंतवणुकीला टॅक्स सवलत देणारे ऑपॉर्च्युनिटी झोन आले, टिम स्कॉट हे रिपब्लिकन आणि कोरी बुकर हे डेमोक्रॅट सिनेटर दोघंही मूळ कल्पनेच्या मागे होते, देशभर साडेआठ हजारांवर भाग निवडले गेले, आणि पैसा जिथे आधीच भाव चढत होते अशा थोड्याच भागांत जास्त करून गेला. २०२५ च्या कायद्यानं ही योजना कायमची केलीय. सवलत मिळते ती गुंतवणूकदाराला त्याच्या नफ्यावर, वस्तीत आधीपासून राहणाऱ्या कुणाला काम मिळालं की नाही याच्याशी त्या सवलतीचा काही संबंध नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

१९९६ चा वेल्फेअरचा, म्हणजे गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख मदतीचा, कायदा रिपब्लिकन काँग्रेसनं केला आणि सही क्लिंटन यांची. मदतीला पाच वर्षांची मर्यादा, कामाची अट, आणि राज्यांना वर्षाला साधारण १,६५० कोटी डॉलर ठोक. न्याय म्हणून हेही सांगते की पुढच्या चार-पाच वर्षांत एकटीनं मुलं वाढवणाऱ्या आया मोठ्या संख्येनं कामाला लागल्या आणि मुलांमधली गरिबी कमी झाली, पण तेव्हा नोकऱ्याही भरपूर होत्या आणि कमी पगारावर काम करणाऱ्यांना मिळणारं टॅक्स क्रेडिट (करातून मिळणारी सूट किंवा परतावा) १९९३ मध्येच वाढवलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय त्या कायद्याला देता येत नाही. खरी परीक्षा २००८ च्या मंदीत झाली. नोकऱ्याच नव्हत्या तेव्हा फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नासाठीची सरकारी मदत, घेणारे झपाट्यानं वाढले आणि ही रोख मदत घेणारे मात्र फारसे वाढले नाहीत, कारण ठोक रक्कम वाढतच नव्हती. आजही तीच आहे, महागाई धरली तर तिची किंमत जवळपास निम्मी. १९९६ मध्ये मुलं असलेल्या दर शंभर गरीब कुटुंबांपैकी ६८ ना मदत मिळत होती, २०२० च्या सुमारास ती संख्या २१ वर आली. राज्यं हा पैसा दुसरीकडे वळवतात, प्रत्यक्ष रोख मदतीवर पाव हिश्श्याच्या आसपासच जातो.

इमारतींचं चक्र याच काळात पुन्हा फिरलं. होप सिक्स नावाच्या योजनेतून उंच सरकारी इमारती पाडून मिश्र उत्पन्नाच्या वसाहती बांधायच्या. पूर्वी जितकी घरं पाडाल तितकी बांधा असा नियम होता तो १९९५ मध्ये बाजूला ठेवला आणि १९९८ मध्ये काढूनच टाकला, आणि त्याच वर्षी सरकारी घरांची एकूण संख्या वाढू नये अशी फेअरक्लॉथ या रिपब्लिकन सिनेटरची तरतूद आली, सही परत क्लिंटन यांचीच. शिकागोतल्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीचा शेवटचा टॉवर २०११ मध्ये पडला. आज तिथे छान रस्ते आहेत, दुकानं आहेत, त्या भागाचा गरिबीचा आकडाही खाली आलाय. पण गरीब माणसांना तिथून हलवल्यावर तो खाली येणारच ना! ती कुटुंबं मोठ्या प्रमाणात शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या दुसऱ्या गरीब वस्त्यांमध्ये गेली. याला गरिबी कमी होणं म्हणायला मी तयार नाही.

कुटुंबाचा हिशोब खरोखर ठेवला गेला अशी दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी. १९९४ ते १९९८, बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क, सरकारी घरांत राहणारी सुमारे ४,६०० कुटुंबं, सोडत काढून काहींना असं व्हाउचर दिलं की ते फक्त कमी गरिबी असलेल्या भागातच वापरता येईल. सुरुवातीचे निकाल आले तेव्हा सगळे हिरमुसले, मोठ्यांची कमाई वाढलीच नव्हती (आयांची मानसिक तब्येत मात्र सुधारली होती, त्याबद्दल फार कुणी बोललं नाही). पण मुलं मोठी झाल्यावर अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पुन्हा आकडे काढले, तर तेरा वर्षांचे व्हायच्या आत जी मुलं हलली होती त्यांची विशीच्या मध्यातली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. किशोरवयात हललेल्यांना तसा फायदा झाला नाही. म्हणजे लहान वयात, जितकी वर्षं जास्त तितकं चांगलं.

दुसरं उदाहरण २०२१ चं. बायडन यांच्या मदत कायद्यात चाइल्ड टॅक्स क्रेडिट वाढवून सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलांमागे ३,००० डॉलर केलं, आणि मुख्य म्हणजे ज्यांची कमाई अगदी कमी किंवा शून्य होती त्यांनाही पूर्ण रक्कम दिली, आधी नेमकी तीच कुटुंबं सुटायची. जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात पैसे. सरकारी मदत धरून मोजली जाते ती मुलांमधली गरिबी २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आली, तोवर कधीच इतकी खाली आली नव्हती. मुदत संपली, २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. एका वर्षात दुपटीहून जास्त. रिपब्लिकनांपैकी एकानंही त्या कायद्याला मत दिलं नव्हतं, आणि मुदतवाढ अडली ती जो मॅन्चिन या डेमोक्रॅट सिनेटरच्या नकारामुळे. कामाची अट नसेल तर लोक काम सोडतील ही भीती होती, त्या सहा महिन्यांत तसं मोठ्या प्रमाणावर काही दिसलं नाही, अर्थात सहा महिने हा काळ छोटा आहे हे मान्य. मिट रॉमनी, म्हणजे त्याच जॉर्ज रॉमनींचा मुलगा, यांनीही २०२१ मध्येच मुलांमागे महिन्याला ३५० आणि २५० डॉलर द्यायचा आपला प्रस्ताव मांडला होता. त्यांच्या पक्षानं तो उचलला नाही.

तर मग अडतंय कुठे? पैशाच्या बाबतीत माझं मत सरळ आहे, रिपब्लिकन पक्ष जास्त दोषी आहे, रोख मदत दर वेळी तिथे अडते आणि कामाची अट ही त्यांच्यासाठी जवळजवळ श्रद्धेची गोष्ट झालीय. पण घराच्या बाबतीत डेमोक्रॅटांनी स्वतःच्या मतदारांकडे बघायला हवं. भाड्याचं व्हाउचर मिळायला पात्र असलेल्या दर चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ते मिळतं, आणि मिळालं तरी चांगल्या भागात घरच नसतं, कारण तिथल्या झोनिंगनं, म्हणजे कुठे काय बांधता येईल याच्या स्थानिक नियमांनी, स्वतंत्र बंगल्याशिवाय काही बांधायला परवानगीच नसते. अशी कितीतरी उपनगरं पक्की डेमोक्रॅट मतं देणारी आहेत, कॅलिफोर्नियात आहेत, न्यूयॉर्कच्या भोवती आहेत. २०१५ मध्ये ओबामा यांनी महापालिकांना घरांमधला भेदभाव शोधून उपाय सांगायला लावणारा नियम आणला, तो ट्रम्प यांनी २०२० मध्ये रद्द केला आणि उपनगरं वाचवली म्हणून त्यावर प्रचारही केला. तो नियम चालू होता तेव्हासुद्धा निळ्या, म्हणजे डेमोक्रॅट, राज्यांतली उपनगरं उड्या मारत पुढे आली असं काही झालं नव्हतं. उलट झोनिंग सैल करण्यात मिनियापोलिससारखं डेमोक्रॅट शहर आणि २०२३ मध्ये मोंटानासारखं रिपब्लिकन राज्य दोन्ही पुढे आली, त्यामुळे हे पक्षाच्या रंगावर ठरत नाही हेही दिसतं.

आणि एक बदल दोन्ही पक्षांच्या भाषणांत अजून उतरलेला नाही. आता अमेरिकेत उपनगरांत राहणाऱ्या गरिबांची संख्या मोठ्या शहरांतल्या गरिबांपेक्षा जास्त आहे. शहरातलं भाडं परवडेना म्हणून लोक बाहेर गेले, पण जुन्या, पडझड झालेल्या उपनगरांत, जिथे बस नीट नाही आणि मदत देणाऱ्या संस्थाही कमी. श्रीमंत उपनगरं अजून तशीच बंद. २०२७ पासून ऑपॉर्च्युनिटी झोनचा नवा नकाशा लागू होणार आहे, गव्हर्नर पुन्हा भाग निवडणार, पुन्हा घोषणा होणार. माझी तरी इच्छा आहे की त्या वेळी दोन्ही पक्षांच्या उमेदवारांना पत्रकारांनी गुंतवणुकीचा आकडा विचारण्याआधी, निवडलेल्या भागातल्या मुलांची यादी करून दहा वर्षांनी ती कुठे आहेत हे बघायची तयारी आहे का ते विचारावं, आणि शेजारच्या उपनगराच्या झोनिंगच्या सभेत तुमचे मतदार हात कुठल्या बाजूला वर करतात तेही विचारावं. कारण ज्यांना त्या उपनगरात राहायला यायचंय ते अजून तिथले मतदार नाहीत, त्यामुळे त्या सभेत त्यांचं मतच धरलं जात नाही.